सेट तिसरा, रड तीच: आयर्न बदलूनही बॉल का ऐकत नाही

तक्रार आधी सांगतो. सहा वर्षांत गोल्फचे तीन आयर्न सेट झाले (आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचे, नंबर घातलेले क्लब; नंबर जितका लहान तितका बॉल लांब जायला हवा). प्रत्येक नव्या सेटने महिनाभर लाड केले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. चार, पाच आणि सहा नंबर एकाच ठिकाणी जाऊन पडतात. ऐंशी-नव्वद यार्डांवरून मारायला बॅगेत क्लबच नाही. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, राजा, कोर्सवर भिकारी. तुमचीही हीच रड असेल आणि ‘माझ्या लेव्हलला कुठला सेट घेऊ’ असं चौघांना विचारून पाच उत्तरं मिळाली असतील, तर पुढचं वाचा. भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. शेवटी मी गोल्फरसारखा विचार करणं सोडलं आणि जॉब रिजेक्ट झाल्यावर कारण शोधतात तसं शोधायला बसलो. तेव्हा कुठे धागा सापडला.

तिन्ही सेटची कुंडली थोडक्यात. पहिला मेव्हण्यांकडून आलेला, नव्वदच्या दशकातला, फोर्ज्ड (ठोकून घडवलेला), भरीव पाठीचा ब्लेड. सुरीसारखा पातळ, दिसायला देखणा, स्टीलचे जड, स्टिफ (कमी लवणारे) शाफ्ट, म्हणजे दांडे. दुसरा कोरा, शोरूममधून, जाड बुडाचा, ‘सगळ्यात माफ करणारा’ म्हणून विकलेला. तिसरा वापरलेला, दोन्हींच्या मधला. तो आजही बॅगेत आहे, पण त्याचीही पहिल्या वर्षी बरीच दुरुस्ती करावी लागली. ती कहाणी पुढे येईल.

आधी मार्कर, मग पाकीट

आमचे कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे आणि सोबत सल्ला देणारे, ते मामा. येरवड्याचे, लहानपणापासून कोर्सवर. दुसरा सेट घेतल्यावर तीन महिन्यांनी मी पुन्हा कुरकुर करायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, “साहेब, बॉल फेसला लागतो कुठं?” फेस म्हणजे क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू. मी म्हणालो, मधे. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी व्हाइटबोर्डचा काळा मार्कर आणला, बॉलवर एक उभी जाड रेघ मारली, रेघ फेसकडे करून बॉल ठेवला आणि म्हणाले, मारा.

हीच ती तपासणी. बॉल मारला की रेघेचा ठसा फेसवर उमटतो. व्हाइटबोर्डचाच मार्कर घ्या, तो बोटाने पुसला जातो. परमनंट मार्कर घेतलात तर थिनर शोधत फिराल. सात नंबरने दहा बॉल मारा आणि प्रत्येक ठशाचा फोटो काढा. चुकलेला बॉल ‘हा धरू नका’ म्हणून सोडायचा नाही, कारण नेमका तोच हवाय.

माझ्या दहापैकी दोन मधे होते. पाच टाचेकडे, म्हणजे हीलला, आणि तीन पार टोकाकडे. ज्याला मी ‘मधे’ म्हणत होतो तो प्रकार दहात दोनदा घडत होता आणि मला तेवढाच आठवत होता.

ठशांचा पसारा सांगतो की तुम्हाला किती माफी लागणार आहे. सगळे ठसे पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत असतील तर कुठलाही सेट चालेल, दिसायला आवडेल तो घ्या. फेसभर विखुरले असतील तर पोकळ पाठीचा, वजन कडेला नेलेला सेट हवा. हॅण्डिकॅपवरून (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ बरा) हे ठरवू नका. २०२० पासून जी जागतिक हॅण्डिकॅप पद्धत आहे तीत आकडा ५४ पर्यंत जातो आणि त्या आकड्यात तुमचा पटर (होलजवळच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, बॉल ढकलायचा क्लब), ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा), चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके) सगळं मिसळलेलं असतं. आमच्या चौकडीतला एक जण १६ चा आहे तो निव्वळ ग्रीनच्या आसपासच्या हातचलाखीवर. त्याचे आयर्नचे ठसे माझ्यापेक्षा वाईट आहेत. त्याला दुकानदार सोळाच्या हिशोबाने सेट दाखवतो आणि तो दरवेळी फसतो.

पोकळ पाठ नेमकं काय करते, हे मशीन शॉपवाल्याला पटकन कळतं. फ्लायव्हीलचं वजन रिमला असतं म्हणून ते धक्क्याने डगमगत नाही. आयर्नच्या पाठीमागचं मधलं मटेरियल काढून कडेला नेलं की टोकाला लागलेल्या बॉलने हेड कमी वळतं. ही कल्पना गोल्फमध्ये रुजवली कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या इंजिनिअरने. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना पटिंगला वैतागून त्याने घरी पटर बनवला. १९५९ च्या त्या पटरचा बॉलला लागताना ‘पिंग’ असा आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नावही तेच पडलं. १९८२ च्या पिंग आय २ आयर्नने हा प्रकार घरोघरी नेला. त्याआधी बहुतेकांना ब्लेडवरच शिकावं लागे, आणि ‘आम्ही ब्लेडवर शिकलो’ हे ज्येष्ठ सभासदांचं पालुपद तिथलंच आहे. त्यांना दुसरं फारसं काही मिळत नव्हतं.

चार, पाच, सहा: तिन्हींचं अंतर सारखं

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो आणि हिचं उत्तर सेट बदलण्यात नाही.

दुसऱ्या सेटचे माझे आकडे असे: सात नंबर हवेत १३८ यार्ड, सहा १४३, पाच १४६, चार १४१. चार नंबर पाचपेक्षा कमी! मी वर्षभर स्विंगला दोष दिला. एका रविवारी शॉपमध्ये बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) घेऊन लॉफ्ट मोजले, म्हणजे फेस मागे किती कललाय तो कोन; तो कमी तितका बॉल खालून आणि लांब. सात नंबर २७.५ डिग्री. मेव्हण्यांच्या ब्लेडचा सात नंबर मोजला, तो ३५. म्हणजे नव्या सेटचा ‘सात’ हा जुन्या हिशोबाने जवळजवळ पाच नंबर होता, फक्त त्याच्या बुडावर ७ कोरलेलं. शोरूममध्ये ‘बघा सर, सात नंबर वीस यार्ड पुढे गेला’ म्हणून मी खूश झालो होतो तो या ७ वर.

नंबर खोटं बोलतो, लॉफ्ट बोलत नाही. सेटची तुलना करायची तर सातला सात लावू नका, ३१ डिग्रीला ३१ डिग्री लावा. उत्पादकाच्या माहितीपत्रकात लॉफ्टचा तक्ता असतो. दुकानदार तो दाखवायला टाळाटाळ करत असेल तर समजून जा.

आता त्याच हिशोबाने त्या सेटचा चार नंबर साडेअठरा डिग्रीचा होता. एवढ्या कमी लॉफ्टचा बॉल वर चढायला वेग लागतो आणि माझ्या सात नंबरचा स्विंग ताशी ७२ मैलांच्या आसपास आहे. बॉल चढतच नाही, खालून जातो, लवकर पडतो. त्यामुळे चार, पाच, सहा तिघेही एकाच पारावर येऊन बसतात. तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल, किंवा स्विंग मुळातच सावकाश असेल, तर हे दुरुस्त होणार नाही. व्यायामाने थोडं, शिकवणीने थोडं, बाकी नाही.

तपासणी सोपी आहे. रेंजवर प्रत्येक नंबरचे दहा बॉल मारा, हवेतलं अंतर लिहा. ज्या नंबरपाशी आधीच्यापेक्षा आठ यार्डांचाही फरक पडेनासा होतो, तो आणि त्याच्या वरचे सगळे आयर्न घरी ठेवा. त्यांच्या जागी बॉल सहज वर चढवणारे जाड डोक्याचे क्लब: हायब्रिड किंवा सात नंबरचा वुड. माझ्या बॅगेत आता आयर्न सहापासून सुरू होतात. वर २४ डिग्रीचा हायब्रिड आणि २१ डिग्रीचा सात वुड. पहिल्यांदा सात वुड काढला तेव्हा एकाने ‘बायकांचा क्लब’ असा शेरा मारला. त्याचा चार नंबर त्या दिवशी दोनदा तळ्यात गेला. (आमच्याकडच्या बायका त्याच्यापेक्षा बऱ्या खेळतात, हे वेगळं.)

रेंजचे बॉल घासलेले असतात आणि नेहमीच्या बॉलपेक्षा कमी जातात, त्यामुळे आकडा महत्त्वाचा नाही, दोन नंबरमधला फरक महत्त्वाचा.

नव्वद यार्डांवर हात रिकामे

ही त्याच रोगाची दुसरी बाजू. वरचे लॉफ्ट कमी केले की खालचेही कमी करावे लागतात. वेज म्हणजे जवळच्या अंतराचे, जास्त लॉफ्टचे क्लब. माझ्या दुसऱ्या सेटचा पिचिंग वेज ४१ डिग्रीचा होता आणि सँड वेज जुनाच, ५६ चा. मधे पंधरा डिग्रीचं भगदाड. पिचिंग १०३ यार्ड, सँड ६५. आमच्या कोर्सवर दुसरा शॉट मारून उरणारं अंतर बहुतेक वेळा ऐंशी-नव्वदच असतं. मग पिचिंग अर्धा मारायचा, तो अर्धा मारताना हात थबकतात आणि बॉल तीस यार्डांवर. मामा मान फिरवतात.

सेट घेताना म्हणून शेवटून सुरुवात करा. पिचिंगचा लॉफ्ट विचारा. तिथून सँडपर्यंत चार-सहा डिग्रीच्या पायऱ्या करून बघा किती वेज लागतात. ४१ चा पिचिंग असेल तर ४६, ५१, ५६ अशी तीन वेजची भर. तो खर्च सेटच्या किमतीत धरा, मग तो ‘स्वस्त’ सेट किती स्वस्त ते कळेल. माझा आताचा पिचिंग ४५ चा आहे, खाली ५० आणि ५६. बॅगेत १४ क्लबांची परवानगी आहे. माझे १२ आहेत आणि खांदाही खूश आहे.

अंतराइतकीच दुसरी गोष्ट शोरूमच्या पडद्यावर बघायची: बॉल किती कोनात खाली उतरतो. ४५ डिग्रीच्या आसपास उतरला तर ग्रीनवर थांबेल. ३५ ने उतरला तर अंतर कितीही छान असो, तो मागच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जाणार. उन्हाळ्यात पुण्याची ग्रीन कडक झाली की हे आकडे रडवतात. सावकाश स्विंगवाल्याला कमी लॉफ्टचा सेट विकला जातो तो पुढे जाण्याच्या आमिषाने, पण थांबण्याचं काय हे कुणी बोलत नाही.

रेंजवर राजा, कोर्सवर भिकारी

शोरूममध्ये मॅट असते. रेंजवर मॅट असते. मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी घसरत पुढे येतो आणि बॉल बऱ्यापैकी जातो. तोच फटका जुलैमधल्या काळ्या मातीत मारा, क्लब रुतून बसतो, ढेकूळ बॉलच्या पुढे जातं. म्हणजे मॅटवर तुम्ही सेट पसंत करता तेव्हा तुमची सगळ्यात मोठी चूक झाकलेली असते.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवा. एक, तुम्ही सतत बॉलच्या मागे मारताय. हे कुठलंही आयर्न बरं करत नाही. गवतावर खडूने किंवा फुटपावडरने रेघ आखा, बॉल न ठेवता दहा स्विंग करा, माती रेघेच्या मागे उडतेय की पुढे ते बघा. मागे उडत असेल तर सेटचे पैसे वाचवून कोचला द्या. दोन, माती बरोबर जागी उडतेय पण क्लब खोल जातो. हा बुडाचा, म्हणजे सोलचा प्रश्न आहे. पातळ सोल ओल्या मातीत रुततो, रुंद सोल सरकतो. मेव्हण्यांचा ब्लेड पावसाळ्यात कुदळच होता. उलट एप्रिल-मेमध्ये जमीन दगड झाली की फार रुंद सोल आपटून उडतो आणि बॉल डोक्यावर लागून जमिनीलगत पळतो. वर्षभर एकाच सेटवर खेळायचं तर मध्यम सोल बरा. माझं तरी हे मत दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे खाऊन झालेलं आहे.

शोरूममध्ये गवत मिळणार नाही. मग निदान एक दिवसासाठी डेमो क्लब मागा, एकच सात नंबर, आणि कोर्सवर न्या. ठेव मागतील, द्या.

स्विंग सरळ, बॉल कायम डावीकडे

हा भाग छोटा आहे पण इथे सगळ्यात जास्त लोक उगाच सेट बदलतात. मार्करची रेघ पुन्हा बघा, या वेळी जागा नाही, कल. ठसा फेसवर सरळ उभा असेल तर ठीक. वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, बॉल डावीकडे जाणार. टाचेकडे झुकलं असेल तर क्लब आडवा, बॉल उजवीकडे. डावखुऱ्यांनी दिशा उलट वाचाव्यात. दीडशे यार्डांवर प्रत्येक डिग्रीमागे तीन-चार यार्डांचा फरक पडतो, म्हणजे दोन-तीन डिग्रीत ग्रीन चुकतं.

या उभ्या-आडव्या कोनाला लाय अँगल म्हणतात आणि तो वाकवून घेता येतो. फोर्ज्ड कार्बन स्टील सहज वाकतं. कास्ट स्टेनलेस चिवट असतं, त्याला दोन डिग्रीच्या पुढे छेडू नये. आतून पोकळ हेड असेल तर आधी विचारा, काही वाकवताच येत नाहीत. आणि हे काम लॉफ्ट-लायच्या मशीनवरच करून घ्या. मी बेंच व्हाइसमध्ये धरून करायला गेलो होतो. होजेलवर (शाफ्ट हेडमध्ये बसतो त्या नळीवर) व्हाइसच्या दातांचे ओरखडे आजही आहेत, आणि आमचा फिटर अजून हसतो.

उंची जास्त म्हणजे क्लब लांब, असा सरधोपट हिशोब करू नका. उभं राहून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मी पाच फूट नऊ, पण हात लांब, त्यामुळे मला स्टँडर्ड लांबीच बरोबर बसते.

बाराव्या होलनंतर सगळं बिघडतं

पहिले नऊ बरे, पुढचे नऊ गचाळ. पाणी कमी, ऊन जास्त, हे आहेच. पण शाफ्टचं वजन बघा. जुना जड स्टील शाफ्ट १२५-१३० ग्रॅमचा असतो, हलका स्टील ९०-१०० चा, ग्रॅफाइट ५० पासून ८० पर्यंत. दमल्यावर जड शाफ्ट उशिरा येतो, फेस उघडा राहतो, बॉल उजवीकडे. ‘स्टिफ’ शब्द पौरुषाशी जोडला गेलाय, त्याने फार नुकसान केलंय. माझ्या वेगाला रेग्युलर योग्य आणि तोही हलका, हे मान्य करायला मला चार वर्षं लागली.

आणि ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ. घामाने आणि पावसाने रबर गुळगुळीत होतं, आपण घट्ट पकडतो, मनगटं आवळली जातात. भांड्यांचा साबण आणि घासणीने धुवा, कोरडं करा. तरी चकाकत असेल तर बदला. अख्ख्या सेटच्या ग्रिप बदलायचा खर्च नव्या सेटच्या एका क्लबाइतकाही नसतो, आणि माझ्या दोन मित्रांचा ‘सेट बदलायचाय’ हा ताप ग्रिप बदलल्यावर उतरलेला पाहिलाय.

वापरलेला सेट घेताना

माझा तिसरा सेट असाच घेतला. फोटो चकाचक, विकणारा गोड. पहिल्या महिन्यात आठ नंबर कधी सातएवढा, कधी नऊएवढा. शॉपच्या काट्यावर प्रत्येक क्लब ठेवला. आयर्न जसजसा छोटा होत जातो तसं त्याचं हेड साधारण सात ग्रॅमने जड होतं, त्यामुळे सहापासून पिचिंगपर्यंत पूर्ण क्लबचं वजनही पायरीपायरीने वाढायला हवं. माझा आठ नंबर सातपेक्षा अठरा ग्रॅमने हलका निघाला. कधीतरी शाफ्ट तुटला असणार आणि हाताला लागेल तो बसवला. बघायला तसाच, वर लेबलही तसंच. एक शाफ्ट बदलला, दोन क्लबचा लाय सरळ केला आणि सेट रुळावर आला.

तेव्हा घेताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सोबत न्या. विकणाऱ्याला विचित्र वाटेल, वाटू द्या. नकली मालही भरपूर फिरतो. हेडवरची अक्षरं उथळ, रंग बाहेर सांडलेला आणि दोन क्लबांची वजनं उलटसुलट, असं एकत्र दिसलं की नमस्कार करून निघा.

मग कुणी काय घ्यावं

अजून ११० फुटत नसेल, म्हणजे अठरा होल ११० फटक्यांच्या आत होत नसतील, तर पूर्ण सेट घेऊच नका. रुंद सोलचे, पोकळ पाठीचे, हलक्या शाफ्टचे सात, नऊ, पिचिंग आणि एक सँड वेज, एवढ्यावर वर्ष काढा. नव्वदच्या घरात खेळणाऱ्याला सात नंबर ३० ते ३२ डिग्रीचा, मध्यम सोल, सहापासून खाली. एकेरी हॅण्डिकॅपवाल्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. त्यांना फोर्ज्ड पण पाठीत थोडी पोकळी असलेले सेट आवडतात आणि शोभतात. शुद्ध ब्लेड कुणी घ्यावा? ज्याच्या दहा ठशांवर एक नाणं ठेवता येतं त्याने. बाकीच्यांनी भिंतीवर लावावा, खरंच सुंदर दिसतो.

माझा ब्लेडचा सात नंबर मात्र गाडीच्या डिकीत आहे. रविवारी राउंडच्या आधी त्याने दहा बॉल मारतो, रेघ मारून. हीलला लागलं की बोटांत वीज जाते, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही. गेल्या आठवड्यात सहा मधे आले, चार टाचेला. मामांनी फेस अंगठ्याने पुसला, मार्करला टोपण लावलं आणि पुन्हा माझ्याच खिशात ठेवून दिला.